चुंबकावरचा रंग

कुरुळी, ता. खेड
५ डिसेंबर २०२४

ती. बाईंना ठकूचा नमस्कार.

ओळख सांगते. आठवीत खिडकीजवळ बसायची ती ठकू. माझं विज्ञानाचं पुस्तक शेळीने खाल्लं तेव्हा तुम्ही तुमचं दिलं होतं. ते मी परत केलं नाही, अजून माझ्याकडे आहे. त्या वर्षी शाळा सुटली. वाचन सुटलं नाही. वाण्याच्या पुडीचा कागदही मी वाचूनच टाकते.

तुमच्या घरी फोन केला होता, तो तुमच्या मुलाने उचलला. चांगलं बोलला. म्हणाला, आईला फोनवर ऐकू येत नाही, पत्र लिहा, तिला आवडेल. म्हणून लिहिते.

माझे यजमान ज्योतीराम १९ नोव्हेंबरला गेले. बोलताना कधी त्यांचं नाव घेतलं नाही, आता लिहावं लागतं. चाकणजवळच्या एका वर्कशॉपमध्ये ते अकरा वर्षं होते. लोखंडाच्या प्लेटी कापायचं काम. तिथे प्लेट उचलायला क्रेनला चुंबक लावलेला असतो, साधारण शिलाई मशीनएवढा. त्याला वीज लागत नाही. वरचं हँडल फिरवून लॉक केलं की धरतो, उलटं फिरवलं की सोडतो. त्या दिवशी त्याने प्लेट मध्येच सोडली आणि हे खाली होते.

चौकशीचा कागद आला आहे. त्यात एक ओळ आहे: ‘कामगाराने हँडल लॉक केले नाही.’ माझे दीर गोरक्ष तिथेच कामाला आहेत. प्लेटीचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं. ते म्हणतात, “वहिनी, हँडल लॉक व्हतं. म्या सोता बघितलं. पन मला कुनी इचारलंच न्हाई.”

एप्रिलमध्ये कारखाना निरीक्षकांपुढे सुनावणी आहे. तिथे मला बोलता येईल. पण बोलू काय? कंपनीचे साहेब म्हणतात, चुंबक आपणहून सोडत नाही, माणूसच चुकतो. गावातही आता तेच बोलतात. भावकीतला एक जण तर दहाव्यालाच म्हणाला, “ज्योतीराम जरा घाईचाच होता.” ते घाईचे नव्हते. चपला काढल्या तरी जोडीने लावायचे.

बाई, हँडल लॉक असताना चुंबक सोडू शकतो का? मला एवढंच कळायला हवं.

तुमची विद्यार्थिनी,
ठकू


थेरगाव
१२ डिसेंबर २०२४

प्रिय ठकू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेळी आठवली. ज्योतीरामना मी पाहिलं नव्हतं. चपला जोडीने लावणारा माणूस कसा असेल, ते मात्र कळलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी सरळ देणार नाही. मी सांगितलं म्हणून तू निरीक्षकांपुढे बोललीस तर ते दुसरा प्रश्न विचारतील आणि तू गप्प होशील. तू स्वतः करून बघ. निवृत्तीच्या वेळी शाळेने मला प्रयोगाच्या पेटीतले दोन पट्टीचुंबक दिले होते, ते सोबत पाठवते. लाल टोक उत्तरेचं, दुसरं दक्षिणेचं. दोऱ्याने मधोमध टांगलास तर तो आपणहून उत्तर-दक्षिण उभा राहील. ही टोकं म्हणजे ध्रुव.

आधी टाचण्या घे. कुठे किती चिकटतात, ते लिही. मग वर कागद ठेवून लोखंडाचा बारीक कीस पसर. कीस कुठल्याही लोहाराकडे मिळेल.

मिहिर, फोनवर तुझ्याशी बोलला तो, इंजिनिअर आहे. अडलं तर त्यालाही विचारीन.

अनेक आशीर्वाद.
अरुंधती


कुरुळी
२९ डिसेंबर २०२४

ती. बाईंना नमस्कार.

पुडकं मिळालं. एक चुंबक वाटेत मधोमध तुटला होता. जीव हळहळला. वाटलं, एका तुकड्यात उत्तर राहिली, दुसऱ्यात दक्षिण. पण दोऱ्याला टांगले तर दोन्ही तुकडे पूर्ण निघाले. दोघांनाही दोन-दोन टोकं. तुटलेल्या जागी नवे ध्रुव कुठून आले?

टाचण्या मोजल्या. टोकाला एकोणीस, मध्यावर एकही नाही. मध्यावर लावली ती टाचणी घसरत टोकाकडेच गेली. धाकटी जाऊ पुनम, गोरक्षची बायको, बघत होती. म्हणाली, “जाऊबाई, दोन म्हयनं झालं न्हाईत तोवर शाळा काढली व्हय?” ती वाईट नाही. तिला माझी काळजी वाटते.

लोहाराकडे गेले नाही. यांचा शेवटचा सदरा मी धुतलेला नाही. बाई, अकरा वर्षं मी कंपनीचे कपडे धुतले. बादलीच्या तळाशी रोज काळी भुकटी बसायची, ती मी अंगणात ओतून द्यायची. ग्राइंडरची धूळ. या वेळी सदरा कोरडाच कागदावर झटकला. दोन चमचे लोखंड निघालं.

चुंबकावर कागद ठेवून ते पसरलं आणि बोटाने टिचकी मारली. धूळ उभी राहिली. दोन्ही टोकांशी दाट झुपके आणि एका टोकातून निघून दुसऱ्या टोकाकडे वळणाऱ्या रेघा. टोकापासून जसजसं लांब जावं तशा विरळ. मधला भाग जवळजवळ मोकळा.

 नंतर धूळ गोळा करून डबीत ठेवली.

ठकू


थेरगाव
६ जानेवारी २०२५

प्रिय ठकू,

चाळीस वर्षांत इतक्या मुलांनी मला हा प्रयोग लिहून दिला, पण असा कोणी दिला नाही.

तुटलेल्या चुंबकाचं ऐक. लोखंडाच्या आत अगणित बारीक चुंबक असतात. ते एका दिशेने तोंड करून उभे राहिले की सगळ्यांचा मिळून एक मोठा चुंबक होतो. रांग कुठेही तोड, तिथे एकाचं डोकं आणि दुसऱ्याचे पाय उघडे पडणारच. म्हणून एकटा ध्रुव कधी मिळत नाही. चुंबक फार तापला किंवा वारंवार आपटला की ही रांग विस्कटते आणि जोर कमी होतो.

आता तुझ्या कामाचं. तू पाहिलेल्या रेघांना लोखंडातून जाणं सोपं आणि हवेतून जाणं फार अवघड. क्रेनच्या चुंबकाला खालच्या अंगाला दोन्ही ध्रुव शेजारीशेजारी असतात. प्लेट चिकटली की रेघा एका ध्रुवातून प्लेटीत शिरतात आणि दुसऱ्यातून परत येतात. लोखंडातल्या लोखंडात फेरी पुरी होते, तेव्हाच तो शेकडो किलो धरतो. पण मध्ये केसाएवढी फट राहिली तरी रेघांना हवा ओलांडावी लागते, तीही दोनदा, जाताना आणि येताना. मग पकड झपाट्याने उतरते. प्लेट पातळ असेल तर सगळ्या रेघा तिच्यात मावत नाहीत. लांब असेल तर ती कडेने झुलते आणि सोलल्यासारखी सुटते.

चुंबक आणि उलथणं यांच्यामध्ये कागद ठेवून बघ. आणि हे विचार: प्लेट किती जाड होती? तिच्यावर गंजाची पापडी होती का? चुंबकाची शेवटची चाचणी कधी झाली? दर वर्षी ताण देऊन तपासावं लागतं आणि तसा दाखला असतो. मिळाला तर मला पाठव.

अरुंधती


कुरुळी
२० जानेवारी २०२५

ती. बाईंना नमस्कार.

उलथणं चुंबकाला टांगलं आणि त्याला सुतळीने मिठाची पुडी बांधली. चिमूटचिमूट मीठ वाढवत गेले, अगदी पडायच्या बेताला आणलं. मग कॅलेंडरचा एक कागद मध्ये घातला. मीठ कमी करावं लागलं. चार कागदांवर निम्मं मीठही पेलेना. पुनम म्हणाली, “उलथनं तव्यावर पायजे, तुमी हवेत टांगलंय. भाकरी काय चुंबकानं उलथू?” पण कागद घालायला तीच पुढे झाली.

म्हणजे हँडल लॉक असतानाही सोडू शकतो. हो ना, बाई?

गोरक्षकडून कळलं ते लिहिते. प्लेट आठ मिलिमीटर जाड, लांबी अडीच मीटरच्या वर. गंज होता. दाखलाही त्यांनी मिळवला, झेरॉक्स सोबत आहे. गेल्या ऑगस्टचा आहे. ‘ताण देऊन तपासले, सुरक्षित’ असं लिहिलंय. सही मला वाचता आली नाही.

एक विचारायचं होतं. चुंबकाच्या तोंडावर तेलरंग असेल तर त्याचा थर कागदासारखाच धरायचा का?

ठकू


थेरगाव
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय ठकू,

उत्तराला उशीर झाला. प्रकृती बरी नव्हती.

रंगाबद्दल विचारलंस. हो, चुंबकाच्या लेखी रंग आणि हवा सारखेच. पण तू हे का विचारलंस, ते लिहिलं नाहीस.

ठकू, मी बरेच दिवस विचार करते आहे. घरातला प्रयोग वेगळा आणि कारखान्यातली यंत्रं वेगळी. एका झेरॉक्सवरून काही सिद्ध होत नाही. तिथले वकील तुला उभी चिरतील. माणूस गेला तो गेला. उलथण्याला मीठ बांधून तो परत येणार नाही. आता या वयात तू मनाला शांतता द्यावीस असं मला वाटतं. हवं तर चांगली पुस्तकं पाठवते.

अरुंधती


कुरुळी
२३ फेब्रुवारी २०२५

ती. बाईंना नमस्कार.

तुम्हाला बरं नसताना मी पत्रांवर पत्रं लिहीत राहिले, त्याची माफी असावी. तुमचं पत्र वाचून वाटलं, मी तुम्हाला दमवलं. सोबत हुलग्याचं पीठ पाठवते, घरचं आहे. लसूण घालून माडगं करून घ्या, अशक्तपणाला चांगलं असतं. मिहिरलाही द्या. त्याने त्या दिवशी फोनवर चार शब्द नीट बोलून मला तुमच्यापर्यंत पोहोचवलं.

तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. मीही आता थांबते. सुनावणीत एवढंच सांगेन की हँडल लॉक होतं आणि लॉक असतानाही चुंबक सोडू शकतो. का सोडतो, त्यात मी जाणार नाही.

गोरक्षला आता यांच्या जागेवर घातलं आहे. चुंबक तोच. म्हणतात, “वहिनी, दाखला हाय की त्याचा. आन आता मी हँडल दोनदा बघतो.”

ठकू


कुरुळी
१५ मार्च २०२५

बाई,

मंगळवारी अकरा तारखेला दुपारच्या शिफ्टला त्याच चुंबकाने पुन्हा प्लेट सोडली. गोरक्षच्या उजव्या पायावर पडली. पायाचा पंजा काढावा लागला. हँडल लॉक होतं. या वेळी बघायला पाच माणसं होती.

पुनम दवाखान्यात आहे. मी घरी तिच्या मुली सांभाळते.

ठकू


थेरगाव
२५ मार्च २०२५

ठकू,

हे पत्र मी पाच वेळा सुरू केलं.

तू पाठवलेल्या दाखल्यावरची सही मला वाचता आली. पहिलीत असताना त्याचं नाव मी पाटीवर गिरवून घेतलं होतं. ती मिहिरची सही आहे. कारखान्यांच्या क्रेन आणि उचलायची अवजारं तपासून दाखले देणं, हाच त्याचा व्यवसाय आहे. तुला मी नुसतं ‘इंजिनिअर’ म्हणून लिहिलं होतं.

मी त्याला विचारलं. आधी म्हणाला, आई, तुला यातलं कळत नाही. मग म्हणाला, ऑगस्टमध्ये तो तिथे गेला तेव्हा काम जोरात होतं. क्रेन अर्धा दिवस थांबवायला ते तयार नव्हते. त्याने खालून पाहिलं, चहा घेतला आणि सही केली. ताण दिलाच नाही. चुंबकाच्या तोंडावर रंग दिसला होता त्याला. म्हणाला, “चकचकीत होतं गं. नीट ठेवलंय असं वाटलं.” मी म्हटलं, तुझी आई चुंबक शिकवायची. तो म्हणाला, “सगळीकडे असंच चालतं, आई. सुनावणी होईपर्यंत कुणाला बोलू नकोस.”

मी बोलले नाही. उलट तुला शांततेचा उपदेश केला. मला काहीही झालं नव्हतं, प्रकृती ठणठणीत होती. तू पाठवलेलं पीठ डब्यात तसंच आहे. 

त्यालाच एक फोन करायला सांगितला असता, ‘तो चुंबक बंद करा’ एवढं एक वाक्य, तरी गोरक्षचा पाय राहिला असता. तेव्हा मला सुचलं नाही असं लिहिणार होते. खोटं आहे ते. सुचलं होतं.

हे पत्र निरीक्षकांना दाखव. मी सही केली आहे, ती वाचता येईल अशी.

अरुंधती


कुरुळी
२ एप्रिल २०२५

ती. बाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. मी ते तीन दिवस पेटीत ठेवलं होतं. राग आला. अजून आहे. पण तुम्हाला काही लिहायच्या आधी माझं लिहायला हवं.

मी रंगाचं का विचारलं, ते तुम्ही विचारलं होतं. मी टाळलं.

वर्कशॉपमध्ये दर खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊन रंगवतात. मालक पूजेला यायच्या आधी सगळं झळकलं पाहिजे असा हुकूम असतो. मग हार, हळद-कुंकू, नारळ. चुंबक रंगवायचं काम अकरा वर्षं यांचं. बाकीचे वरवर फासायचे, हे मन लावून करायचे. मला सांगायचे, “खालच्या अंगाला कोन बघतंय? पन तितंच गंज धरतो. म्हनून म्या खालनं दोन हात जास्त देतो.” चुंबकाचं तोंड रंगवायचं नसतं, हे कुणी त्यांना सांगितलं नाही. जुना रंग खरवडायचा, हेही नाही. अकरा वर्षांचे थर एकावर एक.

गेल्या खंडेनवमीला कंपनीचा डबा संपला. हे घरी आले आणि म्हणाले, “थोडा रंग हाय का गं? तोंडापुरता पायजे.” आमचं दार दिवाळीसाठी मोरपंखी रंगवलं होतं, त्यातला उरला होता. मी झाकण घट्ट लावून डबा पिशवीत घालून दिला. वर मीच म्हणाले, लावा आमच्या दाराचा रंग, तेवढीच घराची आठवण.

कॅलेंडरच्या कागदांचा प्रयोग मी तुम्हाला लिहिला, तो तुटक्या तुकड्यावर केला होता. त्याच्या दोन दिवस आधीचा लिहिला नाही. डब्यात तळाला राहिलेला तोच दाटलेला रंग मी तुमच्या धड चुंबकाच्या टोकांना लावला. एक हात, वाळू दिला, मीठ कमी करावं लागलं. दुसरा हात. तिसऱ्या हाताला पुडी काढून टाकली तरी नुसतं उलथणं राहीना. तिथे जमिनीवर बसून मला सगळं कळलं. यांनी हँडल लॉक केलं होतं. आणि चुंबक यांनीच आंधळा केला होता, माझ्या हातच्या रंगाने.

हे बोलले असते तर लोकांनी पहिली ओळ खोडून दुसरी लिहिली असती. ‘कामगाराने चुंबक रंगवला.’ दोष पुन्हा त्यांच्याच नावावर. म्हणून मी कागदाबद्दल लिहिलं आणि रंगाबद्दल नुसतं विचारलं. गोरक्षलाही सांगितलं नाही. रोज डबा भरून द्यायला पुनमबरोबर मी दारात उभी असायची. ‘भाऊजी, खालचा रंग खरवडून घ्या’ एवढंच म्हणायचं होतं. अर्ध्या तासाचं काम. मी तुमच्यासारखंच केलं. तुम्ही मुलाचं नाव राखलं, मी नवऱ्याचं.

परवा दवाखान्यात गेले. अपघातानंतर एका कामगाराने चुंबकाच्या तोंडाचा रंग पटाशीने काढला होता, त्याची एक खपली गोरक्षने उशाखाली ठेवली होती. माझ्या तळहातावर दिली. नखाएवढी जाड. कडेने बघितली तर करडा, पिवळा, करडा, निळा, असे थर मोजता येतात. सगळ्यात बाहेरचा, शेवटचा, मोरपंखी.

गोरक्ष म्हणाले, “ह्यो रंग तर आपल्या दाराचा.”

मी त्यांना सगळं सांगितलं. खंडेनवमी, डबा, उलथणं. पुनम खिडकीशी उभी होती, ती वळली नाही.  “दादाला ठावं नव्हतं,” गोरक्ष एवढंच म्हणाले. मग त्यांनी पांघरुणाकडे बघितलं, जिथे ते सपाट झालंय तिथे. आणि विचारलं, “वहिनी, तुमाला कधी कळलं?”

मी तारीख सांगितली. अठरा जानेवारी, शनिवार.

त्यांनी बोटांवर मोजलं. मग भिंतीकडे तोंड केलं. पुनम मला म्हणाली, “तुमी आता घरी जा.” जाऊबाई म्हणाली नाही.

सुनावणी सतरा एप्रिलला आहे. मी खपली घेऊन जाणार आहे, आणि तुमचं पत्र. रंग कुणी लावला, कुणी दिला, कुणी लावू दिला आणि कुणी बघून सही केली, हे सगळं सांगणार आहे. एकही गाळणार नाही. त्यातलं ते कुणाच्या नावावर किती लिहितात, ते लिहोत. मिहिर तिथे असेल तर त्याच्यापुढेही हेच बोलेन.

चुंबक परत पाठवत नाही. त्याची टोकं रंगलेली आहेत.

तुम्ही सगळं लिहिलंत बाई, पण सही ओळखल्याची तारीख लिहिली नाही. ती मला लिहू नका. गोरक्षला लिहा. पत्ता हाच आहे, दार मोरपंखी.

ठकू